ऊन तिकडे, गोळी इकडे

आमच्या पुण्यातल्या नातेवाइकांच्या गप्पांत गेली काही वर्षं एक वाक्य हमखास येतं: 'डी-थ्री कमी आलंय,' म्हणजे रक्तातलं ड जीवनसत्त्व. काकांचं कमी, मावशीचं कमी, आयटीतल्या भाच्याचं तर फारच कमी. मग दोन तट पडतात. एक म्हणतो, बारा महिने ऊन असलेल्या देशात हे कमी होईलच कसं, सगळा लॅबवाल्यांचा धंदा आहे. दुसरा म्हणतो, तपासलं म्हणून तर कळलं, प्रत्येकानं दरवर्षी फुल बॉडी चेकअप करायलाच हवं. आणि दोघेही मला, इंग्लंडमधल्या मँचेस्टरवाल्याला, साक्षीला बोलावतात: तुमच्याकडे तर ऊनच नाही, तुम्ही काय करता?

इथे काय करतात ते ऐकून दोन्ही तट नाराज होतात. धडधाकट माणसाची ही तपासणी इथली सरकारी आरोग्यसेवा सहसा करतच नाही. हाडं दुखतायत, जिना चढताना मांड्यांत जोर राहिलेला नाही, मुलाचे पाय वाकलेत, अन्नातलं पोषण अंगी न लागण्याचा आजार आहे, असं काही असेल तर जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, रक्त द्यायला पाठवतो. त्याऐवजी सगळ्यांना सरसकट सांगून ठेवलंय की शरद ऋतूत आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅमची, म्हणजे ४०० युनिटची, गोळी घेण्याचा विचार करा. कातडी आपल्यासारखी सावळी असेल, तर बाराही महिने. २०१६ पासूनचा हा सल्ला आहे. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत सूर्य इथे इतका खाली असतो, की त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-बी किरण पुरेसे पोचतच नाहीत. मग जानेवारीत रक्त तपासून 'कमी आहे' हे कळण्यात नवीन ते काय? गोळी कुठल्याही सुपरमार्केटात स्वस्तात मिळते.

आता मावशीचा रिपोर्ट. तिचा आकडा आला २२ नॅनोग्रॅम, आणि शेजारी ठळक अक्षरांत 'अपुरं'. भारतातल्या बहुतेक लॅब ३० च्या खाली अपुरं आणि २० च्या खाली कमतरता धरतात. इथे मोजतात नॅनोमोलमध्ये, म्हणजे नॅनोग्रॅमला अडीचनं गुणायचं. मावशी झाली ५५. इथल्या पट्टीवर २५ च्या खाली कमतरता आणि ५० च्या वर बहुतेकांना पुरेसं. तेच रक्त, तीच मावशी, पण विमानात बसली की बरी होते! बरं, ही ३० ची रेघ काही ब्रह्मवाक्य नव्हे. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनं, म्हणजे हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेनं, २०११ मध्ये ती उचलून धरली होती. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याच सोसायटीनं तिचा पुरस्कार थांबवला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असंही सुचवलं. लॅबच्या छापील नमुन्यापर्यंत ही बातमी पोचायला वेळ लागेलसं दिसतं.

रिपोर्टामागोमाग येतात ६०,००० युनिटच्या पुड्या. आठवड्याला एक, दुधातून. इथल्या मंडळींना आकडा सांगितला की ते डोळे मोठे करतात, पण त्यात पुडीचा दोष नाही. खरी कमतरता निघाली, तर इथलेही डॉक्टर सहा ते दहा आठवड्यांत मिळून साधारण तीन लाख युनिट देतात. फरक असा, की इथे तो कोर्स संपतो. आमच्या काकांचा संपलेलाच नाही. केमिस्ट चिठ्ठी विचारत नाही आणि 'व्हिटॅमिनच तर आहे' म्हणून काकाही थांबत नाहीत. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ आणि बद्धकोष्ठ सुरू होतं, आणि पुढे मूत्रपिंडांवर येतं.

आणि इतकं घेऊन मिळवायचं काय? अमेरिकेत २५ हजारांहून जास्त लोकांना सुमारे पाच वर्षं रोज २,००० युनिट किंवा औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी देऊन पाहिली. २०१८ मध्ये निष्कर्ष आला, की कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. २०२२ मध्ये कळलं, की हाडं मोडण्याचंही नाही. ही माणसं कमतरता पाहून निवडलेली नव्हती, म्हणजे आपल्या फुल बॉडी चेकअपवाल्यांसारखीच. ज्याला मुळातच पुरेसं आहे त्याला आणखी देऊन फारसं काही साधत नाही.

'ऊन असून कमी कसं' या प्रश्नाचं उत्तर मात्र मला पुण्याच्या कुठल्याही सिग्नलला दिसतं. दुचाकीवरच्या मुली डोळे सोडून बाकी सगळ्या झाकलेल्या: स्कार्फ, सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे. धूळ, काळवंडण्याची धास्ती आणि लग्नाच्या बाजारातला गोरेपणाचा भाव, सगळंच त्यात आलं. भाचा उजाडल्यावर एसी गाडीतून निघतो, अंधारात परततो, आणि काचेतून अतिनील-बी जवळजवळ येतच नाहीत. आजोबा सकाळचं कोवळं ऊन अंगावर घेतात. ते छानच, पण त्या वेळी हे किरण फार थोडे असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाच्या उन्हात खरं काम होतं, आणि त्या वेळी पुण्यात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. म्हणजे 'धंदा आहे' म्हणणारे अर्धेच बरोबर. कमतरता खरी आहे, फक्त ती शोधायला दरवर्षी प्रत्येकाच्या दंडात सुई खुपसायची गरज नाही.

इथलं सगळं शहाणपणाचं आहे असंही कुणी समजू नये. तपासणी न करण्यामागे शास्त्राइतकीच काटकसरही आहे. अंगदुखी घेऊन गेलेल्या आपल्याकडच्या बायकांना 'पॅरासिटामॉल घ्या' म्हणून परत पाठवल्याच्या कहाण्या मी इथल्या मंडळात बऱ्याच ऐकल्यात. जुना इतिहासही फार अभिमानाचा नाही. इथे १९४० पासून ब्रेडला लावायच्या मार्जरीनमध्ये ड जीवनसत्त्व घालणं सक्तीचं होतं, सगळ्यांसाठी, कुणाला काही न विचारता. पण १९७० च्या दशकात ग्लासगो, ब्रॅडफर्डसारख्या शहरांत दक्षिण आशियाई मुलांमध्ये मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार (रिकेट्स), आढळला, तेव्हा चपातीच्या पिठातही ते घाला ही मागणी सरकारनं मानली नाही. १९८१ मध्ये 'स्टॉप रिकेट्स' मोहीम काढली आणि आपल्या लोकांना आहार, राहणी बदलायला सांगितलं. गोऱ्यांच्या ब्रेडवर गुपचूप उपाय आणि आपल्या पोळीला उपदेश! तेव्हा इथली व्यवस्था मी डोळे झाकून पुण्याला पाठवणार नाही.

तिच्यातलं एकच घ्यावंसं वाटतं, ते म्हणजे आधी सगळ्यांपर्यंत थोडंसं पोचवायचं आणि मग ज्याला दुखतंय त्याचंच रक्त तपासायचं. भारतात त्याची सुरुवात झालेली आहे. दूध आणि खाद्यतेलात अ आणि ड जीवनसत्त्व घालण्याची मानकं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये आणली आणि अशा पिशवीवर निळा '+एफ' असतो. पण ते घालणं उत्पादकाच्या मर्जीवर आहे, आणि कौटुंबिक वादात या पिशवीचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. चेकअपच्या पॅकेजवर किती टक्के सूट, हे मात्र सगळ्यांना पाठ.

आईला मात्र मीच तपासणी करायला लावली. ती घरातल्या घरात साधी घसरली आणि मनगट मोडलं, म्हणून. तिच्या डॉक्टरांनी कॅल्शियमही तपासलं आणि कागदावर पुड्या किती, कधी थांबवायच्या, पुन्हा रक्त कधी द्यायचं, तिन्ही लिहून दिलं. आमच्या घरात पुड्या थांबवायची तारीख असलेला तो पहिलाच कागद. काकांनी त्याचा फोटो मागवून घेतलाय.