आईच्या पश्चात उरणारी टोचणी: एका फिरत्या मजकुराला उत्तर

आईला जाऊन काही दिवस झाले की सांत्वनाच्या निरोपांबरोबर एक मजकूर हमखास मोबाइलवर येऊन पडतो. मला तो तीन वेगवेगळ्या नातेवाइकांनी पाठवला आणि तिघांचाही हेतू चांगलाच होता. शब्दांत थोडाफार फेरफार असतो, पण सांगणे साधारण असे असते: "ज्यांनी आईची सेवा मनापासून केली, त्यांना तिच्या मागे पश्चात्ताप करावा लागत नाही, ज्याला अपराधी वाटते, त्याच्या हातून काहीतरी घडलेलेच असते. दुःखाचे पाच टप्पे असतात आणि वर्षभरात ते पार करून माणूस पूर्ववत होतो. जो होत नाही, तो दुःख कुरवाळत बसलेला असतो. म्हणून तिच्या वस्तू नजरेआड करा, मनातल्या मनात तिच्याशी बोलणे थांबवा, स्वतःला माफ करा आणि पुढे चला."

हा मजकूर एरवी दुर्लक्ष करण्याजोगा आहे. पण रात्री अडीच वाजता झोप न आलेल्या माणसाने तो वाचला, तर पहिल्याच वाक्यात त्याच्या हाती आरोपपत्र पडते आणि बचावाला बोलवावी अशी एकमेव साक्षीदार आता हयात नसते. म्हणून हे उत्तर.

पहिल्या वाक्यापाशी मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण सर्वांत जास्त इजा तेच करते. माझ्या आईने शेवटच्या आठवड्यात खाणे जवळजवळ सोडले होते. मी चमचा ओठांशी नेला की ती ओठ मिटून घेई आणि मान भिंतीकडे वळवी; चमच्यातले पातळ अन्न हनुवटीवरून ओघळे, मी ते टिपून पुन्हा चमचा पुढे करी. चौथ्या दिवशी परिचारिकेने माझ्या हातातली वाटी काढून घेतली, ओल्या कापसाचा बोळा दिला आणि म्हणाली, "ताई, आता फक्त ओठ ओले ठेवा." पुढे दोन महिने मला वाटत राहिले की वाटी खाली ठेवली म्हणून आई गेली. त्यानंतर कित्येक महिने वाटत राहिले की तिच्या अखेरच्या दिवसांत मी तिला चमच्याने छळले. हे दोन्ही आरोप एकाच वेळी खरे असणे शक्य नाही, तरीही दोन्ही सारख्याच जोराने येत. वाटी पुढे केली तरी दोष आणि मागे घेतली तरी दोष, असा निकाल देणारी भावना मी काय केले याचे मोजमाप करत नव्हती, एवढे तरी त्यावरून उघड होते.

मरणाच्या जवळ आलेल्या शरीराची भूक आणि तहान मंदावते, गिळण्याची क्रिया दुबळी होते आणि आग्रहाने भरवलेले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. आजार शेवटाला आला म्हणून खाणे सुटलेले असते. घरच्यांना मात्र खाणे सुटले म्हणून माणूस गेला, असे उलट्या क्रमाने दिसते. मॉर्फीनच्या बाबतीतही असेच घडते. वेदना आणि धाप यांसाठी ते योग्य मात्रेत दिले असता मृत्यू लवकर ओढवतो, असे पॅलिएटिव्ह केअरमधल्या, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करण्यासाठीच्या शुश्रूषेतल्या, अभ्यासांत आढळलेले नाही. तरीही शेवटच्या मात्रेला "हो" म्हणणारा मुलगा किंवा मुलगी तो एक शब्द पुढे वर्षानुवर्षे उगाळत राहते. रुग्णालयात नेले तर घरी मरण येऊ दिले नाही याची बोच, घरी ठेवले तर प्रयत्न कमी पडले याची बोच.

ही टोचणी केवळ निष्काळजी मुलांच्या वाट्याला येते, हेही खरे नाही. 1942 मध्ये बॉस्टन शहरातील एका नाइट क्लबला लागलेल्या आगीत 492 माणसे गेली. त्यानंतर एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञाने त्या दुर्घटनेतील आणि इतर शोकग्रस्त अशा 101 जणांच्या मुलाखतींवरून 1944 मध्ये तीव्र शोकाची जी ठळक लक्षणे नोंदवली, त्यांत अपराधीपणा हे एक होते. मृत्यूपूर्वीचा काळ उकरून आपण कुठे कमी पडलो याचे पुरावे माणूस शोधत बसतो आणि बारीकसारीक चुका फुगवून पाहतो, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणजे अपराधी वाटणे हा शोकाचाच एक भाग आहे. शिवाय जिने वर्षभर आईचे अंथरूण बदलले तिच्याकडे चुकांची यादी करायला वर्षभराचे दिवस असतात. जो वर्षातून एकदा भेटायला आला त्याच्याकडे एकच दिवस असतो. त्यामुळे सेवा करणाऱ्यालाच जास्त टोचते, असे पुष्कळदा दिसते, आणि तो मजकूर नेमक्या त्याच माणसाला गुन्हेगार ठरवतो.

याच वाक्याच्या पोटात आणखी एक गृहीतक दडले आहे. ते म्हणजे "वेळीच कळायला हवे होते". आई गेली त्या पहाटे दादा म्हणाला, "तू जाऊन आंघोळ करून ये, मी बसतो." मी वीस मिनिटांत परतले, तेव्हा तो तिचा हात धरून उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. आदल्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले होते, अजून आठवडाभर तरी. मला मात्र पुढे खात्रीच वाटू लागली की तिचा श्वास पहाटेच बदलला होता आणि ते मला दिसूनही मी उठले.

ही खात्री कशी तयार होते, ते मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी 1975 मध्ये प्रयोगाने दाखवले. 1814 च्या सुमारास इंग्रज आणि गुरखे यांच्यात झालेल्या संघर्षाचे वर्णन त्यांनी लोकांना वाचायला दिले. काहींना शेवट सांगितला नाही, तर इतरांच्या वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे शेवट खरे म्हणून सांगितले. ज्या गटाला जो शेवट सांगितला, त्या गटाला तोच आधीपासून अधिक संभवनीय वाटला. आणि शेवट ठाऊक नसता तर काय वाटले असते ते सांगा, असे विचारल्यावरही लोकांना ते माहीत झालेले बाजूला ठेवता आले नाही. अनोळखी लोकांच्या लढाईबाबत हे होत असेल, तर आईच्या श्वासाबाबत काय होणार?

ज्यांचे कामच हे, त्यांनाही ते कळत नाही. निकोलस क्रिस्टाकिस आणि एलिझाबेथ लॅमंट यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 343 डॉक्टरांनी हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेसाठी, पाठवलेल्या 468 रुग्णांच्या उरलेल्या आयुष्याचा अंदाज दिला होता. अवघे 20 टक्के अंदाज बरोबर ठरले, 63 टक्के अंदाजांत आयुष्य जास्त धरले होते, आणि डॉक्टर व रुग्ण यांचा परिचय जितका जुना तितका अंदाज अधिक चुकला होता. जवळच्या माणसाला अधिक कळायला हवे, हा आपला समज त्यामुळे अगदी उलटा पडतो. मरणासन्न माणसांजवळ काम करणाऱ्या परिचारिका असेही वारंवार सांगतात की घरचे माणूस क्षणभर बाहेर गेले आणि तेवढ्यात प्राण गेला, हे त्यांनी कितीदा तरी पाहिले आहे. त्यामागे रुग्णाची काही इच्छा असते, असे काहीजण मानतात. मला त्या सांत्वनाचा आधार घ्यावासा वाटत नाही. दिवसाचे चोवीस तास एका माणसाला पलंगाशी बसता येत नाही, हे कारण मला पुरते.

पाच टप्प्यांचा मुद्दा लवकर संपवता येतो. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार असे जे टप्पे मांडले, ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडले होते. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. 2007 मध्ये अमेरिकेत 233 शोकग्रस्तांच्या पाहणीत टप्प्यांची ही कल्पना तपासली गेली, तेव्हा स्वीकाराची भावना सुरुवातीपासूनच सर्वांत जास्त आढळली आणि त्रासदायक भावनांत नैराश्यापेक्षा ओढ, म्हणजे गेलेल्या माणसाची आस, अधिक ठळक निघाली. आई गेली हे पहिल्या दिवशीच पुरते कळलेले असते; ती हवी असते, हे वेगळे.

"वर्षभरात" या शब्दात मात्र सत्याचा एक कण आहे आणि तो नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकाराची नोंद असून त्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत 2022 मध्ये तशीच नोंद झाली आणि तिथे प्रौढांसाठी बारा महिने धरले आहेत. परंतु दुःख कधी संपवावे याची ही मुदत नाही. इतक्या काळानंतरही तीव्र आस किंवा तिच्याच विचारांत गुंतून राहणे जवळजवळ रोज टिकून असेल आणि त्यामुळे काम, नाती, दिनक्रम कोलमडले असतील, तर उपचार मिळावेत म्हणून ही नोंद आहे. दुसऱ्या वर्षी एखाद्या सुरात तिचा आवाज आठवून रडू येणे हे त्यात बसत नाही. मात्र आपणही तिच्याकडे जावे असे विचार येत असतील, तर सहा महिने किंवा वर्ष मोजत बसू नये. त्याच दिवशी कुणाला तरी सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे.

वस्तू आणि मनातले बोलणे यांविषयी: गेलेल्या माणसापासून मन एकेका आठवणीतून सोडवून घ्यावे लागते, ही कल्पना फ्रॉइड यांच्या 1917 च्या एका निबंधापर्यंत मागे जाते. 1996 पासून संशोधकांनी नाते तुटत नाही, ते रूप बदलून चालू राहते आणि बहुतेकांना ते सोसवते, असे मांडले आहे. 1999 मध्ये मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी शोकाचे वर्णन येरझारा असे केले: माणूस कधी दुःखाकडे वळतो, कधी बिले भरण्याकडे, आणि दोन्हींची गरज असते. आईचा चष्मा माझ्या टेबलाच्या खणात आहे. डाव्या काडीला तिने गुंडाळलेला दोरा तसाच आहे. बिले मी वेळेवर भरते.

राहिले "स्वतःला माफ करा". ऐकायला हे वाक्य सर्वांत मायाळू आहे, पण गुन्हा शाबीत झाल्याचे त्यात आधीच मान्य केलेले असते. जिथे गुन्हा नाही तिथे माफीही नको, आधी छाननी हवी. दीर्घ आजारानंतर पुष्कळांच्या मनात पहिल्या रात्री "सुटलो" असे येते, आणि त्या एका शब्दासाठी ते स्वतःला राक्षस समजतात. वास्तविक कण्हणे थांबले, जागरण थांबले, याची ती सुटका असते. आईशी ज्यांचे पटत नव्हते, तिने ज्यांना खरोखर दुखावले होते, त्यांची गाठ याहून अवघड असते, कारण समेटाची शक्यताच तिच्याबरोबर जाते. त्यांना "आई ती आईच" असे ऐकवणाऱ्यांनी निदान गप्प बसावे.

आणि काही वेळा चूक खरीच असते. तिला सरसकट "तुझे काही चुकले नाही" म्हणणेही खोटे; ऐकणाऱ्याला ते लगेच कळते. माझ्यापुरते मी असे केले की वहीच्या पानावर उभी रेघ मारून डावीकडे त्या दिवशी मला काय ठाऊक होते ते लिहिले आणि उजवीकडे नंतर काय कळले ते. चमचा, वाटी, आंघोळीची वीस मिनिटे, सगळे भराभर उजवीकडे गेले. डावीकडे एक नोंद राहिली: ती आजारी पडण्याच्या आधीच्या हिवाळ्यात तिचे फोन मी कामाच्या नावाखाली कापत असे, आणि ते काम तेवढे महत्त्वाचे नाही हे मला तेव्हाही ठाऊक होते. ती नोंद मी खोडली नाही. दादाला वाचून दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने वही माझ्याकडून घेतली आणि त्याच रकान्यात खाली स्वतःची एक ओळ लिहिली.