भेकाचे विष आणि पांढऱ्या पेशी

केमोथेरपी घेत असलेल्या माझ्या मावशीला गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक संदेश आला: ‘चीनमध्ये शतकानुशतके वापरात असलेले भेकाचे (टोड या बेडकासारख्या प्राण्याचे) विष, म्हणजेच चानसू, पांढऱ्या पेशी वाढवते, कर्करोग मारते आणि नैसर्गिक असल्याने पूर्णपणे निरुपद्रवी आहे.’ तिने त्या गोळ्या मागवायला सांगितल्या, तेव्हा मला गप्प बसणे अशक्य झाले.

‘निरुपद्रवी’ हा यातील सर्वांत घातक शब्द आहे. भेकाच्या डोळ्यांमागील ग्रंथींतून निघणाऱ्या या स्रावात ब्यूफालिनसारखी द्रव्ये असतात आणि ती पेशींच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियम पंप (सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारी यंत्रणा) बंद पाडतात. हृदयरोगात मोजून-मापून दिले जाणारे डिजॉक्सिन याच पंपावर काम करते. मात्रा जरा चुकली तरी हृदयाचे ठोके बिघडतात. न्यूयॉर्कमध्ये फेब्रुवारी १९९३ ते मे १९९५ या काळात, त्वचेवर लावण्याचे कामोत्तेजक म्हणून विकला जाणारा आणि चानसूमधील द्रव्ये असलेला पदार्थ पोटात घेतल्याने पाच धडधाकट पुरुष आजारी पडले व त्यांपैकी चौघे दगावले, अशी नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपल्या साप्ताहिक अहवालात केली आहे. परंपरेचा दाखला द्यायचा, तर खुद्द चीनची औषधसंहिता चानसूला ‘विषारी’ म्हणते आणि मात्रा १५ ते ३० मिलिग्रॅमवर थांबवते.

पांढऱ्या पेशींचे म्हणाल, तर लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशींनाही हाच पंप लागतो. तो बंद पडला की पेशीतील पोटॅशियम घटते, प्रथिने तयार होणे मंदावते आणि विभाजन खुंटते. याच पंपाला रोखणारे वनस्पतिजन्य ऊआबेन मानवी लिम्फोसाइटची वाढ थांबवते, हे १९६८ मध्येच दाखवले गेले आहे. संदेशात पुढे उंदरांच्या पेशींवरील प्रयोगांचा हवालाही आहे. पण उंदरांच्या पेशींतील मुख्य पंप अशा द्रव्यांना माणसाच्या पंपापेक्षा शेकडो पटींनी कमी दाद देतो, त्यामुळे उंदराला सोसले ते मावशीलाही सोसेल, असे म्हणता येत नाही.

प्रयोगशाळेतील काचपात्रात ब्यूफालिन ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) मानवी पेशी मारते, एवढे मात्र मान्य करावे लागते. तरीही शांघायमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना जेमसिटाबिन या केमोथेरपीच्या औषधासोबत भेकाच्या कातडीपासून बनवलेले हुआचानसू देऊन पाहिले, तेव्हा आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

मावशीच्या गोळ्या मागवलेल्या नाहीत. तिच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्याच, तर त्या वाढवण्यासाठी जी-सीएसएफचे इंजेक्शन उपलब्ध आहे, आणि ते द्यायचे की नाही हे तिचे डॉक्टर रक्ताची तपासणी करून ठरवतील.