‘अर्ध्या तासाचा मारिओ’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावरच्या ‘सुपर मारिओ लँड’ या गेमवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : गेम अर्ध्या तासात संपतो, मारिओ मुंगीएवढा दिसतो, मारिओचे जनक मियामोतो यांचा हात नाही तो मारिओ खरा नव्हेच, फूल खाल्ल्यावर मिळतो तो आगीचा गोळा नसून चेंडू असतो हेही मला ठाऊक नाही, आणि एकूण लेख म्हणजे ‘आखाती पैशावर वाढलेल्या पोराचं गहिवरणं’.

चेंडूचं आधी. चूक माझी, शंभर टक्के. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. लाज अशी वाटते की त्या चेंडूवर मी बालपणी तास घालवले आहेत. एका वेळी एकच फेकता येतो, भिंतीवर, जमिनीवर तिरपा आपटत फिरतो आणि वाटेतली नाणी गोळा करतो. नाण्यांनी भरलेल्या बंद खोलीत एकदा सोडून दिला की आपण नुसतं बघत बसायचं. आगीच्या गोळ्याला हे जमत नाही. तीस वर्षांनी लिहिताना बोटांना आठवलं ते डोक्याला आठवलं नाही.

पण मियामोतोंच्या मुद्द्यावर मी माघार घेणार नाही. हा गेम त्यांनी केला नाही हे खरंच आहे. तो निन्टेंडो कंपनीतल्या गुनपेई योकोई यांच्या विभागात झाला, दिग्दर्शन सातोरु ओकादा यांचं. आता जरा मागे चला. १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये मारिओ पहिल्यांदा उडी मारतो, तेव्हा नवख्या मियामोतोंच्या डोक्यावर कंपनीने वडीलधारा म्हणून कोणाला बसवलं होतं? योकोईंनाच. १९८३चा ‘मारिओ ब्रदर्स’ तर दोघांनी मिळून केला. म्हणजे मारिओला लहानपणी खांद्यावर घेतलेला माणूस तुम्ही परका ठरवताय.

शिवाय योकोई आणि ओकादा ही मुळात यंत्राची माणसं. गेम बॉय हे यंत्रही त्यांचंच, आणि २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये यंत्र आणि हा गेम एकाच दिवशी बाजारात आले. योकोईंचं धोरण ठरलेलं होतं : जुनं, स्वस्त, मुरलेलं तंत्र घ्यायचं आणि ते कुणाला सुचणार नाही अशा कामाला लावायचं. म्हणून रंगीत पडदा नाही, पडद्यामागे दिवा नाही, चार छटा आणि चार पेन्सिल सेल. त्याच वर्षी आलेलं अटारी कंपनीचं तसंच हातातलं यंत्र, लिंक्स, रंगीत होतं. सहा सेल खायचं आणि काही तासांत मान टाकायचं.

तुमची ‘मुंगी’ इथूनच येते. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. त्यात मारिओ मोठा काढला तर पुढचा खड्डा दिसणार कधी? त्यात तो पडदा इतका मंद, की काही जोरात सरकलं की मागे धुराची शेपटी राहायची. या गेममधलं आकाश बहुतेक ठिकाणी कोरं ठेवलंय. मला तरी त्यात आळस दिसत नाही, तो पडदा ओळखणाऱ्याचा हात दिसतो. १९९२च्या दुसऱ्या भागात मारिओ चांगला गुबगुबीत झाला, देखणाही झाला. पण तिथे मी न दिसलेल्या गोष्टींवर जितका आदळलो तितका पहिल्यात कधीच नाही.

उडीबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. कड्यावरून पाय सुटला की हा मारिओ पोत्यासारखा पडतो.

आणि विचित्रपणा तुम्ही दोष म्हणून मोजलात, मी गुण म्हणून मोजतो. कासवावर उडी मारली की कवच लाथाडायला मिळत नाही, त्याचा बॉम्ब होतो. चौकोनी दगडी तोंडाचे पुतळे दुडुदुडु पळत येतात. मध्येच मारिओ पाणबुडीत बसून गोळ्या झाडतो, शेवटी विमानातून. चमकता तारा मिळाला की ऑफेनबाखची ‘कॅन-कॅन’ची धून वाजते, ती मी पुढे कितीतरी वर्षं मारिओचीच समजत होतो. शेवटच्या राज्याचं नाव ‘चाय’. तिथे चिनी भुतं उड्या मारत येतात, पण आम्ही पोरांनी ठरवून टाकलं होतं की हे चहाचं राज्य, आणि तिथे पोचलं की ताई ‘बशी आणा’ म्हणायची.

आता अर्धा तास. हो, सरावलेला माणूस बारा टप्पे तेवढ्या वेळात संपवतो. पण यात गेम साठवून ठेवायची सोयच नाही. बंद केला की पुन्हा पहिल्या राज्यातल्या पिरॅमिडपासून सुरुवात. रत्नागिरीत आमच्याकडे हे कसं चालायचं ते सांगतो. पडद्याला दिवा नाही, म्हणजे खेळायचं ते उन्हात, पडवीत. लाइट गेल्यावर एकदा मेणबत्ती लावून बघितलं, तर पडद्यावर मेणबत्तीच दिसली. सेल संपत आले की डावीकडचा लाल दिवा मंद व्हायचा. मग ते सेल काढून कौलांवर उन्हात ठेवायचे. त्याने खरंच काही होतं का, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. आम्ही सहा-सात पोरं, प्रत्येकाला एक लाइफ. मेलास की पुढच्याच्या हातात. असा तो ‘अर्धा तास’ आम्हाला दिवाळीची अख्खी सुट्टी पुरला. पहिल्या तिन्ही राज्यांच्या शेवटी सोडवायची राजकन्या डेझी भेटते, आपण जवळ जातो आणि तिचा राक्षस होतो. तिसऱ्यांदाही आम्ही फसलो.

राहता राहिला आखाती पैसा. मामा मस्कतला एसी दुरुस्त करायचा. एका घरातल्या मुलाने नको म्हणून टाकलेला गेम बॉय त्याला मिळाला. मागचं सेलचं झाकण नव्हतं, चिकटपट्टी लावलेली. कॅसेट एकच, हीच. दुसरी कुठे मिळते, केवढ्याला मिळते, याची रत्नागिरीत कुणाला कल्पना नव्हती. तरीही तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही. तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे जत्रेतला ‘९९९९ इन १’ ब्रिक गेम होता आणि त्यावर कुणी लेख लिहीत नाही. हे खरं आहे, आणि ते बोचलं. आमच्या आळीतही तो दोघांकडे होता, आणि सेल संपले की आम्ही त्यांच्याच दारात जाऊन बसायचो. त्याला दोनच सेल लागायचे.

ताजा कलम : तुमची प्रतिक्रिया ताईला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, चेंडू सोड, खरी चूक वेगळीच आहे. लेखात मी लिहिलंय की शेवटचं विमान पाडलं आणि डेझीला सोडवलं ते मी. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी तेव्हा कौलांवरचे सेल आणायला गेलो होतो.