भावी शिक्षकांना मदत कशी करावी : एका खजिनदार बाईचा फुकटचा सल्ला

सगळ्यात आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव बदला, पैशाचं नंतर बघू. आमच्या दहावीच्या बॅचनं 'आपली शाळा' काढून 'बाईंचा ज्ञानयज्ञ' ठेवलं तर एका दिवसात नुसता अंगठ्यांचा पाऊस. गणिताच्या बाई गेल्या वर्षी वारल्या, त्यांच्या नावानं डी.एड., बी.एड. करणाऱ्या पोरींना दरवर्षी स्कॉलरशिप द्यायची असं ठरलं, आणि खजिनदार मी झाले कारण त्या रात्री मी ऑनलाइन नव्हते.

तर ज्यांना ज्यांना भावी शिक्षक घडवायची हौस आलीय त्यांनी खालचं नीट वाचा.

आकडा सांगताना हात आखडता घेऊ नका. पाठवायचे पण असतात असं कोण म्हणालं?

पावती मात्र मागाच. पाचशे रुपये देऊन ऐंशी-जीची, म्हणजे देणगीवर करसवलतीची, पावती मागणारा एक वाघ आमच्यात आहे. त्याला म्हटलं, अरे हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, ट्रस्ट न्हवं, आणि तू नव्या टॅक्स रेजिममध्ये, तिथं ऐंशी-जीची सूट मिळतच नाही. तर म्हणतो असू दे, फाईलला लावतो.

पोरगी निवडायला कमिटी नेमा. कमिटीनं तिला विचारावं, 'नोकरी लागल्यावर पैसे परत करणार का?' लागल्यावर! दोन वर्षं डी.एड., मग टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही अभियोग्यता परीक्षा, मग शिक्षक भरतीचं ते पवित्र पोर्टल (असो), आणि सगळ्यातनं पार पडून प्राथमिकला लागलीच तर तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे मानधनावर, महिना १६,०००. हे १६,००० सुद्धा २०२३ पासनं, त्याच्या आधी ६,००० होते. विचारणाऱ्याच्या फक्त गाडीच्या हप्त्याचं बोला, बाकी काही बोलू नका.

फ्लेक्स मोठा लावा. आमच्यावर २३ चेहरे होते. बाईंचा फोटो कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

आणि कार्यक्रम म्हणजे कार्यक्रम झाला पाहिजे. पैसे गपचूप खात्यावर टाकले तर ज्ञानयज्ञ कसला? आम्ही कोल्हापुरात दसरा चौकाजवळ हॉल घेतला, गेल्या रविवारी, चारचा. पाहुणे सहाला आले. तोवर फेटे बांधून झाले, फोटो झाले, फेटे सैल झाले म्हणून परत बांधले. तीन पोरी पहिल्या रांगेत बसून. त्यातली एक गारगोटीच्या पुढनं आलेली, सोबत वडील, इस्त्रीची टोपी, मांडीवर पिशवी, दर पाच मिनिटाला घड्याळ बघत होते कारण सीबीएस स्टँडवरनं शेवटची एसटी. मी दोनदा स्टेजवर जाऊन सांगितलं, ओ आधी पोरींचं उरका. 'ताई, भाषणाशिवाय कसं?' सहा भाषणं. सहाच्या सहा जणांनी शाहू महाराज काढले. शिक्षकी पेशा ही नोकरी नव्हे, व्रत आहे, हे तीन जणांनी सांगितलं, तिघंही बिल्डर.

मग त्या गारगोटीकडच्या पोरीला वर बोलावलं. निवेदकानं माईक तिच्या तोंडापाशी धरला, 'सांग बाळ, घरची परिस्थिती कशी आहे?'

ती म्हणाली, 'बरी आहे सर.'

बरी आहे म्हटल्यावर सोडायचं की नाही माणसानं? 'नाही नाही, लाजू नको, मोकळेपणानं सांग, वडील काय करतात?' खाली वडील बसलेत. त्यांनी पिशवीच्या बंदाला गाठ मारली, सोडली, परत मारली. ती सर्टिफिकेटचा कोपरा दुमडत राहिली आणि शेवटी म्हणाली, दुसऱ्याच्या रानात जातात. आणि टाळ्या! कडाडून! कशाला वाजवल्या रे टाळ्या? तो बाप दुसऱ्याच्या रानात जातो याला?

हिशोब माझ्याकडं आहे, देते. जमा ५८,५००. हॉल आणि साउंड ९,०००, फ्लेक्स ४,२००, फेटे-शाली-नारळ-ट्रॉफ्या ११,३००, जेवण १९,०००. उरले १५,०००, तीन पोरींना पाच-पाच हजार. तांबडा-पांढरा झक्कास होता, त्याबद्दल तक्रार नाही.

आता उपरोध बास झाला. ज्या महाराजांची नावं घेऊन घसा बसवलात त्यांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाचं बोर्डिंग उभं केलं, १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. हॉलच्या बाहेर येऊन मान वळवली असती तरी बोर्डिंग दिसलं असतं. पोराला छप्पर आणि दोन वेळचं जेवण, याला म्हणतात मदत. तिकडं भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं, आणि आम्ही पोरीच्या पैशातनं आमचे फेटे बांधतोय. लाज वाटत नाही? उद्या ही पोरगी वर्गात उभी राहणार आहे, तुमच्याआमच्या नातवंडांपुढं, आणि तिला पहिला धडा आम्ही काय दिला तर भीक नीट मागायला शीक.

आपल्या बाई फीची पावती पुस्तकात घालून परत द्यायच्या. कुणाची भरली हे शेजारच्या बाकाला पण कळायचं नाही. माझी दोनदा भरली होती. हे मी आज पहिल्यांदा सांगतेय.

मंगळवारी त्या पोरीचा फोन आला. ताई, चेकवर माझं आडनाव चुकलंय, बँक घेईना. चूक तिचीच असल्यासारखं बोलत होती. नव्या चेकवर दोन सह्या लागतात, एक माझी, एक अध्यक्षांची, आणि अध्यक्ष चार दिवस झाले फोन उचलत नाहीत, ग्रुपवर मात्र पुढच्या वर्षी फेटे भगवे की गुलाबी याचं पोल टाकलंय. अहो अध्यक्ष, सोमवारी फीची शेवटची तारीख आहे. उशीर झाला तर तिला दंड बसणार, तो कोण भरणार, फेटेवाला?