ट्रान्सफॉर्मर ओहमचा नियम मोडत नाही

नमस्कार. तुमचे दोन्ही आक्षेप मुद्द्याचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. पहिला असा की, ओहमच्या नियमाने व्होल्टेज वाढलं की करंट वाढतो आणि मी तर लिहिलं की ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज चढवलं की लाइनमधला करंट आणि तोटा कमी होतो. दुसरा तुमच्या मोजमापातला. २३० ते १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (२३० व्होल्ट लावतो ते कुंडल) मल्टिमीटरवर ४० ओहम भरली, म्हणजे पावणेसहा अँपिअर जायला हवेत. प्रत्यक्षात लोड नसताना जेमतेम ३० मिलिअँपिअर जातात. यावरून ओहमचा नियम डीसीपुरताच (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेपुरताच), असं तुम्ही म्हणता.

हा नियम लावताना एकच विचारायचं: कोणाच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज, आणि करंट त्याच्यातूनच जाणारा आहे ना?

गावातल्या डीपीपर्यंत ११ केव्हीची लाइन येते. तीन फेज बाजूला ठेवू आणि जाऊन-येऊन तारेचा रोध ०.२ ओहम धरू. ११० किलोवॅट २२० व्होल्टवर पाठवायचे तर ५०० अँपिअर लागतील, आणि ५० किलोवॅट तारेतच जळतील. ११,००० व्होल्टवर १० अँपिअर पुरतात, तोटा २० वॅट. तोटा काढताना तुम्ही व्होल्टेजच्या वर्गाला रोधाने भागलंत, पण त्यात ११,००० घातलेत. ते दोन तारांमधलं व्होल्टेज झालं. तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पडतात फक्त २ व्होल्ट. १० गुणिले ०.२. ओहमचाच नियम.

तुमच्या ट्रान्सफॉर्मरलाही तेच लागू. १२ व्होल्टला ६ ओहमचा लोड लावलात की २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट. तोटे सोडले तर प्रायमरीला त्यासाठी सुमारे ०.१ अँपिअर पुरतो. दोन्ही कुंडलांच्या वेढ्यांच्या गुणोत्तराच्या (२३० भागिले १२) वर्गाने गुणलं की तोच लोड प्रायमरीकडून साधारण २,२०० ओहमचा दिसतो. २३० भागिले २,२००, पुन्हा ०.१.

आता ते ४० ओहम. मल्टिमीटर डीसीने मोजतो, त्यामुळे त्याला फक्त तांबं दिसतं. एसीमध्ये कुंडलाच्या आतल्या लोखंडी गाभ्यातला चुंबकीय प्रवाह सतत बदलतो आणि त्याच कुंडलात उलटं व्होल्टेज उभं करतो. ते जवळजवळ २३० इतकंच असतं, तांब्याच्या वाट्याला एक-दीड व्होल्ट उरतो. ओहमने १८२७ साली पुस्तक छापलं तेव्हा फॅरडेचा याच परिणामाचा, म्हणजे प्रवर्तनाचा, शोध चार वर्षं दूर होता. रोधासोबत हा विरोधही मोजणाऱ्या राशीला हेविसाइडने १८८६ साली इंपिडन्स म्हटलं. तुमच्या प्रायमरीचा तो साडेसात हजार ओहमच्या वर आहे. खात्री करायची तर प्रायमरीला १२ व्होल्टची बॅटरी लावा, ०.३ अँपिअर जाईल, अगदी ४० ओहमच्या हिशोबाने. मात्र बॅटरी सोडवताना उघड्या टोकांना हात लावू नका, जोरदार झटका बसतो.

तुमची शंका जिथे खरोखर लागू पडते ती जागा म्हणजे लोखंडी गाभा. तो संपृक्त व्हायला लागला, म्हणजे आणखी चुंबकीय प्रवाह सहज घेईनासा झाला, की बिनलोडचा करंट व्होल्टेजच्या प्रमाणात राहत नाही, एकदम उसळतो. अमेरिकेतला फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे ५० हर्ट्झवर त्याच व्होल्टेजला चालवला की गाभ्यातला चुंबकीय प्रवाह २० टक्क्यांनी वाढतो. मग तो गुणगुणतो आणि लोड नसतानाही तापतो.