नाकासमोर न चालणारा पट्टा

आमच्या थ्रीडी प्रिंटरचा दातेरी पट्टा सहा मिलिमीटर रुंद. पुलीच्या दोन कडांमधली जागा सात. म्हणजे दोन्ही अंगांना अर्धा अर्धा मिलिमीटर ऐसपैस. तरी हा पठ्ठ्या एकाच कडेला खांदा लावून घासत बसायचा. दिवसभर खर्र-खर्र, आणि खाली काजळासारखी काळी भुकटी. एक दिवस त्याच्या कडेतून काचतंतूचे दोन पांढरे केस बाहेर आले, तेव्हा मात्र मी अ‍ॅलन की घेऊन बसलो.

आधी नखाने ढकलून मधोमध आणला. दहा फेऱ्यांत स्वारी परत माहेरी. मग पुलीच सरकवली. मोटरच्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, सपाट बाजूवर ग्रब स्क्रू (पुलीला शाफ्टवर पकडून ठेवणारा बिनडोक्याचा स्क्रू) आणायचा, पुली केसभर हलवायची आणि स्क्रू आवळायचा. आवळताना पुली तेवढीच केसभर परत जाते. हा खेळ अकरा वेळा झाला.

सपाट पट्ट्याचं बरं असतं. त्याच्या पुलीला मध्ये किंचित फुगवटा दिला की तो आपला आपण मध्यावर चढतो. दातेरी पट्ट्याला ती सोय नाही. त्याचे दाते पूर्ण रुंदीभर खाचेत बसावे लागतात. म्हणून पुलीला कडा. पण ते कुंपण आहे, वाटाड्या नव्हे, हे कळायला मला अर्धा पट्टा झिजवावा लागला.

शेवटी स्टीलची पट्टी दोन्ही पुल्यांना टेकवून पाहिली. अशा पट्ट्यांना साधारण पाव अंश तिरकेपणा माफ असतो, म्हणजे मीटरमागे जेमतेम साडेचार मिलिमीटर. आमच्या भिंतीवरच्या तसबिरींना मी याहून कितीतरी जास्त सूट दिलेली आहे. पुल्या एका रेषेत होत्या. वाकली होती ती मोटर! घसरू नये म्हणून पट्टा मी तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला होता; त्या ओढीने मोटरखालची पातळ पत्र्याची पट्टी वाकून शाफ्ट समोरच्या पुलीकडे झुकला होता. म्हणजे रोग आणि वैद्य दोन्ही मीच.

पट्टा सैल केला, पत्रा सरळ केला, मोटरच्या एका स्क्रूखाली पातळ वॉशर सारला. हाताने फिरवून पाहिलं. पट्टा कडेला चुकूनमाकून शिवतो, तेवढं चालतं. प्रिंट लावून मी कौतुकाने बघत उभा राहिलो.

आतून बायकोची हाक आली, "अरे, आवाज येत नाहीये. बंद पाडलंस का शेवटी?"