गडगा पाडा, फळ्या उभ्या करा

कोकणातल्या गावच्या घराला कुंपण घालायचं मनात आलंय ना? मग जांभ्या दगडाची बुटकी भिंत म्हणजे गडगा, चिव्याच्या बांबूचं कुंपण म्हणजे वई, असल्या जुन्या गोष्टींत जीव अडकवू नका. आजोबांनी गडगा घातला, कारण त्यांच्यापाशी दुसरा इलाज नव्हता. तुमच्यापाशी आहे. कंपोझिट फळी! दिसायला सागवान, हात लावला की प्लॅस्टिक आणि बिल आलं की पुन्हा सागवान. लाकडाचा भुसा आणि पॉलिथिन किंवा पीव्हीसी एकत्र वितळवून, साच्यातून दाबून काढलेली ही वस्तू. वाळवी लागत नाही, दरवर्षी तेलपाणी नको, आणि सहा फूट उभी केली की पलीकडचं माणूस दिसत नाही. हा शेवटचा गुण महत्त्वाचा. त्याला प्रायव्हसी म्हणतात आणि ती रनिंग फुटावर मिळते.

तुम्ही गणपतीत पाच दिवस येता, शिमग्याला तीन, आणि मे महिन्यात आंबे उतरवायला आठवडाभर. उरलेले साडेअकरा महिने घराला कुलूप. मग ही प्रायव्हसी नक्की कोणाला हवीय, असं वाडीतलं कोणी विचारेल. लक्ष देऊ नका. बंद घरालाही खासगी आयुष्य असतं. माजघरात उंदीर, माळ्यावर पाकोळ्या. येणाऱ्याजाणाऱ्याने बघितलं की त्यांना संकोच वाटतो.

पहिलं काम गडगा पाडायचं. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवा लागली की घट्ट होत जातो. बुकानन नावाच्या साहेबाने 1807 साली त्याला ‘लॅटराइट’ म्हटलं, लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट, त्यावरून. साहेबाला नाव सुचलं तोवर आपल्याकडे त्याची देवळं आणि विहिरी बांधून जुन्या झाल्या होत्या. पण ते असू द्या. गडग्यात सिमेंट नाही, चुना नाही, माती नाही. चिऱ्यावर चिरा नुसता बसवलेला, फटींत कपच्या ठोकलेल्या. पावसाचं पाणी आरपार जातं, वारा आरपार जातो, श्रावणात वर शेवाळ आणि नेचे येतात, आणि खालच्या फटीत एखादं फुरसं निवांत राहतं. असल्या गळक्या, पोरक्या बांधकामाला आजकाल कोण किंमत देतं? जेसीबीला पाऊण तास पुरतो.

बेड्याच्या, म्हणजे जुन्या फाटकाच्या, जागेशी मात्र जेसीबीवाला थांबेल. खांबाच्या भोकांत आडवे बांबू सरकवलेलं ते बेडं आता कुजलेलं असेल, ते जाईल. पण खालचा चिरा बघा. मधोमध खोलगट झालेला असतो, वाटीसारखा. त्यात पाऊस पडून गेल्यावर ओंजळभर पाणी साठतं आणि कोणाची तरी कोंबडी येऊन पिते. दगड असा झिजायला पावलं लागतात. माशांची पाटी डोक्यावर घेऊन येणारी, टपाल घेऊन येणारा, ताकाचं भांडं परत करायला येणारी काकू, शाळेला जवळची वाट म्हणून तुमच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, पळणारी पोरं, आणि रात्री-अपरात्री ‘आजीला बरं वाटत नाही’ ऐकून धावत आलेले चार बाप्ये. चिरा फेकू नका. गेटच्या बाजूला ठेवून वर कुंडी ठेवा. पाहुणे ‘रस्टिक’ म्हणतील.

गडग्याचा आणखी एक दोष सांगायचा राहिला. त्याची उंची. छातीपर्यंत यायचा, म्हणजे बरोब्बर कोपर टेकून उभं राहण्याइतका. त्यामुळे माणसं उभी राहायची. ‘काय शिजवलंय’पासून सुरू झालेलं बोलणं कोणाच्या मुलीचं कुठे जमतंय इथपर्यंत जायचं, आणि मधेच गडग्यावरून घावन्यांची ताटली इकडे, फणसाचे गरे तिकडे. सहा फुटांवर कोपर पोचत नाही. ताटली पोचवायला स्टूल लागेल. स्टूल घेऊन कोणी प्रेम करत नाही.

आता खांब. ॲल्युमिनियमचे घ्या, पाच-सहा फुटांवर एक. कॅटलॉगमध्ये लिहिलंय, खड्डा दोन फूट. कॅटलॉग लिहिणाऱ्याने कातळ पाहिलेला नाही. आमच्या राजापूर तालुक्यात सड्याजवळ घर असेल तर वीतभर मातीखाली तुम्ही थेट पृथ्वीशी बोलायला लागता. पहार उडते, हात झिणझिणतात, गडी विडी पेटवतो. शेवटी ड्रिल आणून भोकं पाडायची आणि खांब बोल्टांनी कातळावर उभे करायचे. खाली फट दिसते म्हणून तिथे काँक्रीटची पट्टी घाला. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो गडग्याच्या फटींतून शहाण्यासारखा वाट काढत व्हाळाला जायचा. पट्टी घातल्यावर तो तिथेच थांबेल, विचार करेल आणि शेजाऱ्याच्या खळ्यात शिरेल. तिथून पुढे तो शेजाऱ्याचा खासगी प्रश्न.

फळ्या बसवताना कंत्राटदाराला सांगा, फट अजिबात नको. माहीतगार माणूस तुम्हाला सांगेल की या मालात प्लॅस्टिक असतं, ऊन लागलं की तो लांबीला वाढतो. गडद रंगाची दहा फुटी फळी थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत चार-पाच मिलिमीटर सहज वाढते, म्हणून टोकांना जागा सोडायची असते. सोडू नका. फट म्हणजे डोळा लावायची सोय. वैशाखात फळ्यांना पोट सुटेल, पण खात्यापित्या घराचं कुंपणही तसंच दिसायला हवं. स्क्रू साधे घ्या. खाऱ्या हवेला 316 नंबरचं स्टेनलेस लागतं, त्यात मॉलिब्डेनम असतं, वगैरे वगैरे. साधे स्क्रू दोन पावसाळ्यांत रडायला लागतात आणि फळीवर तांबडे ओघळ येतात. लांबून गेरूसारखे दिसतात, वृंदावनाशी मॅच होतील.

आणि वारा. मे 2021मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा ज्यांची कौलं उडाली त्यांना विचारू नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि फट नसलेलं सहा फुटी कुंपण म्हणजे जमिनीत रोवलेलं शीड. होडी नसताना शीड उभारायचा मान तुमचा.

कागदपत्रांवर फार वेळ घालवू नका. सातबाऱ्यावर अकरा हिस्सेदार, त्यातले चार वारलेले, दोन बोलत नाहीत. मोजणीला अर्ज केलात तर हद्द कुठे आहे ते कळेल, आणि ते कोकणात कोणालाच नको असतं. वाट अडवली म्हणून कोणी 1906च्या मामलतदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे गेलाच, तर त्याने सहा महिन्यांच्या आत जायला हवं. वाडीतला माणूस सहा महिने तुमच्याशी बोलायचं की नाही हे ठरवण्यातच घालवतो. काळजी नसावी.

हे सगळं मी इतक्या खात्रीने सांगतोय, कारण आमच्या डोंबिवलीच्या चाकरमान्यांनी घातलेलं असं एक कुंपण माझ्या पडवीसमोर चाळीस पावलांवर उभं आहे. त्याच्या आतल्या घराची किल्ली आमच्या देवघरातल्या खुंटीला आहे. म्हणजे बघा, ज्याच्यापासून आडोसा करायचा त्याच्याकडेच किल्ली. वीजबिल मी आणतो, जूनच्या आधी पन्हळी मी साफ करतो, वानरांनी कौलं हलवली की सारखी करायला माणूस मी पाठवतो. पूर्वी यासाठी उठावंसुद्धा लागत नसे. सकाळी चहाची बशी तोंडाला लावली की समोर त्यांचं दार, खिडक्या, आंबा, विहीर, सगळं ओळीने दिसायचं. रहाटावर माकड बसलेलं दिसलं की इथूनच हाळी घालायची. आता चहा पिताना मला तपकिरी रंग दिसतो. शेड ‘वॉलनट’ आहे म्हणाले. चहाही जवळजवळ त्याच शेडचा असतो.

गेटबद्दल मात्र मनापासून सल्ला: मापं घेताना माणूस मोजा, देव मोजू नका. आमच्या चाकरमान्यांनी साडेतीन फुटी गेट केलं, एका माणसाला ऐसपैस. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी आली. पूर्वी ती पाणंदीतून सरळ बेड्यात शिरायची, खळ्यात नाचायची, वहिनी ओटी भरायच्या. आता वाट बंद, आणि नवं गेट पाणंदीच्या कुशीला. पालखी रुंदीला मावेल हो, पण तिचा दांडा लांब. अरुंद पाणंदीत तो वळेना. पुढचे खांदेकरी गेटात, मागचे समोरच्या बांधावर, आणि दांडा फळ्यांवर. तीनदा मागे घेतली. ढोलवाले वाजवायचे थांबले. कोणीतरी म्हणालं, दोन फळ्या काढा. स्क्रू निघाले चांदणीच्या डोक्याचे. त्यांचा पाना कंत्राटदाराकडे, कंत्राटदार रत्नागिरीला.

‘‘देवी काय म्हणतेय?’’ चाकरमान्यांनी गुरवाला विचारलं.

‘‘काय म्हणणार?’’ गुरव म्हणाला. ‘‘उभी आहे.’’

ओटी पाणंदीत भरली. वहिनींनी नारळ गेटाच्या वरून दिला, टाचा उंचावून. जाताना पोरांनी उधळलेला गुलाल फळ्यांवर बसला आणि तो अजून निघालेला नाही. साबण झाला, ब्रश झाला, डोंबिवलीहून पाठवलेली बाटली झाली. भुश्याचा माल, रंग पितो. वाळवी लागत नाही, गुलाल लागतो. कॅटलॉगमध्ये हे नाही.

त्या पावसाळ्यात फळ्यांच्या सावलीकडच्या अंगाला काळी बुरशी धरली. मी आशेने बघत होतो, निदान शेवाळ तरी येईल, गडग्यासारखं. पण गडग्याचं शेवाळ हिरवंगार असतं, हे नुसतं शाळेच्या संडासासारखं.

तरी कुंपण घाला. जरूर घाला. आमच्या चाकरमान्यांना त्याचा अभिमान आहे, आणि तो जपायला मीही हातभार लावतो. गेल्या पावसाळ्यात टीव्हीवर वादळाचा इशारा आला तशी रात्री साडेनऊला डोंबिवलीहून फोन. ‘‘दादा, जरा घराकडे नजर टाका ना. कॅमेरा बंद पडलाय.’’ लाइट गेली होती, कॅमेरा कसा चालणार? पूर्वी पडवीत बसून नजर टाकली असती. आता इरलं घेतलं, टॉर्च घेतला, पाणंदीतून वळसा घालून गेटाशी गेलो. गेटाला नवं आकड्यांचं कुलूप. आकडे मला सांगायचे राहून गेले होते, आणि घराची किल्ली माझ्या हातात.

फोन लावला. त्यांनाही आकडे आठवेनात. ते म्हणाले, ‘‘असू दे, निदान एक फोटो काढून पाठवा, म्हणजे झोप लागेल.’’

मी पावसात हात उंच करून काढला. पाठवला. लगेच उत्तर आलं.

‘‘दादा, यात फक्त कुंपण दिसतंय.’’

‘‘हो,’’ मी लिहिलं. ‘‘आतलं काहीच दिसत नाही.’’

त्यांनी अंगठा पाठवला.